जोतिबाला जाऊन आलेला सरडा

मुलांनो, कुंपणावर, बांधावर किंवा शाळेमागच्या झाडीत एखादा सरडा दिसला, तर तुम्ही त्याला काय म्हणता? "काय म्हणणार? सरडाच!" असंच ना? भिंतीवर असेल तर पाल. झालं, दोन नावांत आपलं काम भागतं. पण आमच्या कोडोलीच्या मुलांकडं तिसरंही एक नाव असतं, आणि ते सगळ्यांना चालतं. "इखारी!" म्हणजे विषारी. झाडावरचा सरडा इखारी, दगडाखालची पाल इखारी, गवतातून सळसळत जाणारी सापसुरळी तर लईच इखारी. एकदा हे नाव दिलं की पुढं काय करायचं तेही ठरलेलं. दगड शोधायचा!

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. कोडोली हे पन्हाळा तालुक्यातलं मोठं गाव. एका अंगाला वारणेकाठचा ऊस, दुसऱ्या अंगाला जोतिबाचा आणि पन्हाळ्याचा डोंगर. खरं दाट जंगल बघायचं तर चांदोलीला नाहीतर राधानगरी-दाजीपूरला जावं लागतं. पण ओढ्याकाठची झाडी, डोंगरउताराचं रान, मधले खडकाळ माळ एवढं आम्हाला पायी फिरण्यासारखं आहे, आणि सरड्यांना तेवढं पुष्कळ होतं.

आमच्या वर्गात एक वही आहे. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सरड्यांची वही'. ती का सुरू झाली ते सांगते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात वर्गातल्या एका मुलाच्या चुलत्यांना उसात घोणस चावली. अंगावरचे ठिपके बघून त्यांना वाटलं, अजगराचं पिलू आहे. म्हणून ते हातभर काठीनं तिला बाजूला सारायला गेले. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती, तरी त्यांना संशय आला नाही. लगेच मोठ्या दवाखान्यात हलवलं, सापाच्या विषावरची लस मिळाली आणि देवाच्या दयेनं ते वाचले. पण महिनाभर अंथरुणात होते. त्यानंतर आठ दिवसांनी तोच मुलगा वर्गात शेपटीला धरून एक मेलेली सापसुरळी घेऊन आला. चपलेनं मारली होती. म्हणाला, "बाई, इखारी हुती. मारली."

मी त्याला रागावले नाही. घरात एवढं घडलेलं असताना पोरानं घाबरायचं नाही तर काय करायचं? पण मनात आलं, बघा कसं उलटं झालंय! जी खरोखर विषारी ती घोणस ओळखता आली नाही, आणि जिच्यात विषाचा थेंबही नाही ती बिचारी सापसुरळी जिवानिशी गेली. सगळ्यांनाच इखारी म्हणत राहिलं, तर खरा इखारी कोण हे कळणार तरी कसं? दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आपल्या भागातला कुठलाही सरडा, कुठलीही पाल, कुठलीही सापसुरळी विषारी नाही. जगात विषारी सरडे आहेत, नाही असं नाही. 'हिला मॉन्स्टर' नावाचा जाडजूड सरडा अमेरिकेच्या आणि मेक्सिकोच्या वाळवंटात राहतो. तो काही पोहत वारणेला यायचा नाही!

वहीत पहिली नोंद झाली ती अर्थात बागेतल्या सरड्याची. हा सगळ्यांच्या ओळखीचा. पाठीवर करवतीसारखी कंगव्याची रांग, अंगाच्या दुपटीहून लांब शेपूट आणि डोळ्यांत 'कोण रे तू?' असा भाव. चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत यातल्या नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो. त्यावरून मोठ्या माणसांनीसुद्धा काय काय ऐकवलंय! म्हणे हा लांबूनच माणसाचं रक्त ओढतो, म्हणून डोकं लाल होतं. मी वर्गात विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर मागच्या बाकावरून आवाज आला, "आवं बाई, त्यो जोतिबाला जाऊन आलाय! गुलाल बघा की डोस्क्यावर!"

वर्ग हसून हसून लोळला. पण बघा, ऐन चैत्र यात्रेच्या दिवसांतच त्या सरड्याचं डोकं रंगायला लागतं, हे त्या पोरानं नेमकं हेरलं होतं. हा पोरगा म्हणजे बेचकी खिशात घालून हिंडणारा. कुठला सरडा कुठल्या खांबावर बसतो, किती वाजता बसतो, दगड आला की कुठल्या बाजूला पळतो, सगळं त्याला पाठ. मी त्यालाच वहीचा प्रमुख केला. (बेचकी अजून त्याच्या खिशात असते. हल्ली ती कैऱ्यांवर चालते, असं तो सांगतो. आपण विश्वास ठेवायचा.)

त्यानंच पहिल्यांदा सांगितलं की सरडा 'जोर काढतो'. तुम्हीही बघा. नर उंच जागी बसतो आणि पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो, मान डोलावतो. तालमीत पैलवान जोर मारतात ना, अगदी तसं! ही जागा माझी आहे, हे तो दुसऱ्या नराला सांगत असतो. लाल रंगही त्याचसाठी, शिवाय मादीनं बघावं म्हणून. दुसरा नर फारच जवळ आला तर पाठलाग होतो, पण आपली हद्द संपली की हा माघारी फिरतो. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण ज्यानं केली, त्यानं घटकाभर उन्हात उभं राहून सरडा बघितला असणार. हरलेल्याचा रंग बघता बघता फिका पडतो. उगीच कुणाला फसवायला सरडा रंग बदलत नाही. ऊन, भीती, राग, थंडी यांनी त्याचा रंग बदलतो.

आता ओळखायचं कसं? आम्ही आधी शेपटीकडं बघतो. पाल आणि सापसुरळी संकटात सापडली की शेपूट टाकून देते. तुटलेली शेपूट जमिनीवर वळवळत राहते, मांजर किंवा पक्षी तिच्याकडं बघत बसतो आणि मालकीण पसार! मग नवी शेपूट फुटते, पण तिची ठेवण आणि रंग जुन्यासारखा नसतो. म्हणून एखाद्या पालीची शेपूट मधूनच आखूड, बोथट दिसली तर समजायचं, हिच्यावर कधीतरी प्रसंग आला होता. बागेतल्या सरड्याला ही सोय नाही. त्याची शेपूट अशी सहज तुटत नाही आणि तुटली तर पालीसारखी परत येत नाही.

मग डोळे. सरड्याला पापण्या असतात, तो डोळे मिटतो. सापसुरळीही मिटते. घरातल्या पालीला मिटणाऱ्या पापण्याच नाहीत. डोळ्यावर धूळ बसली की ती जिभेनं डोळा चाटून साफ करते. हे मी सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. एका मुलीनं रात्री बल्बजवळ बसून ते बघितलं आणि सकाळी परिपाठाच्या आधीच सगळ्या शाळेला सांगितलं. ही मुलगी कोल्हापुरी पद्धतीनं "मी बघितलो बाई, खरंच चाटती!" असं म्हणते, आणि मी ते कधी सुधारत नाही.

सापसुरळीला आमच्याकडं 'सापाची मावशी' म्हणतात. तेल लावल्यासारखं चकचकीत अंग, आखूड पाय, मान आणि धड एकसारखं. गवतातून जाताना पाय दिसत नाहीत, म्हणून सापाची आठवण होते. पण नातं मावशीचं नाही, लांबचं आहे. ती खाते किडे, नाकतोडे, कोळी. शेतकऱ्यानं तिला पाटावर बसवून जेवू घालावं अशी ती कामाची आहे. मात्र एक नियम वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहिलाय. गवतात काहीतरी चकचकीत सळसळलं आणि पाय दिसले नाहीत, तर तो साप आहे असं धरून जागच्या जागी थांबायचं. आधी मागं सरायचं, ओळखायचं नंतर. दगड हातानं उचलून बघायचा नाही, बिळात बोट घालायचं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांच्या विषावर दवाखान्यातल्या लशीचा उपाय आहे. मांत्रिकाकडं तो नाही.

पालींबद्दल पालकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. पंचांगात पल्लीपतनाचं पान असतं. पाल कुठल्या अंगावर पडली तर काय फळ, ते त्यात दिलेलं असतं. ते वाचून करमणूक करून घ्यायला माझी हरकत नाही. पण दुधात पाल पडली की दूध 'विषारी' होतं, हे खरं नाही. ते दूध टाकूनच द्यायचं, कारण पालीच्या अंगावर आणि विष्ठेत रोगजंतू असतात, त्यानं जुलाब-उलट्या होऊ शकतात. अस्वच्छ वेगळं आणि विषारी वेगळं, एवढंच माझं म्हणणं. दख्खनच्या कोरड्या मुलखात जाड शेपटीची एक ठिपकेदार पाल असते. हिला मात्र पापण्या आहेत, आणि भिंतीवर चढायला लागतात तशा बोटांच्या गाद्या नाहीत. जमिनीवर सावकाश चालते, जाड शेपटीत चरबी साठवते. ती दिसली की लोक हमखास मारतात. आणि काही लोक पकडून विकतात, तेही वाईटच.

पालींच्या बाबतीत आपला जिल्हा मोठा श्रीमंत आहे, बरं का! २००९ साली वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या एका नव्या पालीची जगाला ओळख करून दिली. पाचोळ्यात, जमिनीवर राहणारी एवढीशी पाल, आणि उन्हात तिच्या अंगावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. तिचं शास्त्रीय नाव आहे 'निमास्पिस कोल्हापुरेन्सिस'. कोल्हापूरची पाल! गूळ, चप्पल आणि कुस्ती यांच्या यादीत आमच्या वर्गानं तिचंही नाव घातलं आहे. या गटातल्या पालींची एक खूण लक्षात ठेवा. रात्री हिंडणाऱ्या आपल्या घरपालीची बाहुली मांजरासारखी उभी चीर असते. या दिवसा हिंडणाऱ्या छोट्या पालींची बाहुली गोल असते.

पण आमच्या वहीतलं सगळ्यात मळलेलं पान माळावरच्या सरड्याचं आहे. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शाळा सकाळची होती. सुटल्यावर पाच-सहा मुलांना आणि एका पालकांना घेऊन मी डोंगराच्या पायथ्याच्या माळावर गेले. ऊन चढलं होतं. मातीच्याच रंगाचा, बोटभर अंगाचा एक सरडा एका दगडावर चढला. काहीच विशेष नाही. आणि एकदम त्यानं गळ्याखाली पंखा उघडला! निळा, काळा, नारिंगी. मिटला. पुन्हा उघडला. आम्ही सगळे वाळक्या गवतात बसकण मारून होतो, कुणी हूं की चूं केलं नाही. बेचकीवाला तर श्वास घ्यायचा विसरला होता. मग तो सरडा मागच्या दोन पायांवर उभा राहून असा काही पळाला की मुलांना हसू आवरेना.

पालकांच्या मोबाईलमध्ये फोटो आला होता. वर्गात मोठा करून बघितला आणि मी म्हटलं, "मागच्या पायाची बोटं मोजा." चार भरली. पुन्हा मोजली, दुसऱ्या पायाची मोजली, चारच. बागेतल्या सरड्याला पाच असतात. गळ्याला पंखा आणि मागच्या पायाला चार बोटं, म्हणजे हे वेगळंच घराणं.

या घराण्याची गंमत ऐका. पूर्वी अशा सगळ्या सरड्यांना शास्त्रज्ञ 'सिताना' या एकाच गटात घालत. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभर हिंडून त्यांचा अभ्यास केला आणि २०१६ साली दाखवून दिलं की यातले भडक, मोठ्या पंख्याचे काही सरडे वेगळ्याच गटातले आहेत. नव्या गटाला नाव काय दिलं असेल? 'सरडा'! होय, आपला मराठी शब्द. जगातल्या कुठल्याही देशात या प्राण्यावर शास्त्रीय लेख लिहायचा झाला, तर आता 'सरडा' असंच लिहावं लागतं. 'सरडा सुपर्बा', 'सरडा डार्विनी' आणि 'सरडा डेक्कनेन्सिस' अशा तीन जाती त्या वेळी या गटात आल्या. पहिला साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा.

हे सांगितल्यावर वर्गात थोडा वेळ शांतता होती. मग पाल बघितलेली ती मुलगी म्हणाली, "म्हंजी बाई, आपण म्हणतो त्योच शब्द त्यांनी घेतला?" मी म्हटलं, "तोच." तिनं वहीत 'सरडा' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

चाळकेवाडीचं पठार तुमच्यापैकी काहींनी सहलीत बघितलं असेल. ठोसेघरच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला, पांढऱ्या पवनचक्क्या फिरत असतात तेच. तिथं मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी सरड्यांचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी फार कमी आढळले, जवळजवळ चौपटीनं कमी. शिकारी कमी म्हणून सरडे वाढले. चांगलं झालं, असं वाटेल. पण पुढं ऐका. तिथले सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, म्हणजे धीट झाले होते. त्याच वेळी ते अंगानं रोडावले होते आणि नरांचे रंगही फिके होते. खाणारी तोंडं वाढली, वाटणी कमी झाली. वारा पिऊन वीज करणाऱ्या यंत्राचा परिणाम एका सरड्याच्या गळ्याच्या पंख्यापर्यंत पोचला! पवनचक्की वाईट असं मी म्हणत नाही, आपल्या घरातला पंखा विजेवरच फिरतो. पण सरड्याचा रंग मोजायला कुणी बसलंच नसतं, तर हे कळलं असतं का?

आमच्या माळावरचा सरडा या तीनपैकी कुठला, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. मोबाईल लगेच एक नाव सांगतो. ते नाव आम्ही पेन्सिलीनं लिहितो. गळ्याच्या पंख्यावर कुठला रंग कुठं आहे आणि पंखा छातीवर कुठपर्यंत जातो हे दोन-तीन फोटोंत नीट जुळलं, की मगच शाई. यंदाच्या उन्हाळ्यात पुन्हा माळावर जायचं ठरलं आहे.

घोरपडीचं पान मात्र लहान आहे, कारण ती आम्हाला एकदाच, ओढ्यापलीकडं दिसली. सापासारखी दुभंगलेली जीभ बाहेर काढत, डुलत डुलत गेली. तानाजी मालुसऱ्यांच्या यशवंतीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. घोरपडीच्या मदतीनं किल्ला सर केला म्हणून पूर्वजांना 'घोरपडे' नाव मिळालं, असं त्या घराण्यात सांगतात. आमच्या वर्गातला घोरपडे त्या दिवशी कॉलर ताठ करून फिरत होता. घोरपडीला मात्र लांबूनच बघायचं. तिचे दात मागं वळलेले असतात, चावली तर जखम चिघळते. आणि तिला पकडणं, मारणं, तिचं कातडं काढणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मोठा गुन्हा आहे. गोव्यात घुमट नावाचं मातीचं वाद्य आहे, त्यावर पूर्वी घोरपडीचं कातडं चढवत. आता तिथले कलाकार बकऱ्याचं कातडं वापरतात.

तुम्हाला अशी वही करायची असेल तर शंभर पानांची गरज नाही, दहा पानं पुरतात. सकाळचं ऊन पडल्यावर सरडे अंग शेकायला उघड्यावर येतात, तेव्हा बघायला सोपं. सावली त्याच्या अंगावर पडू द्यायची नाही, सहा-सात पावलं लांब थांबायचं. पकडायचं नाही, बरणीत घालायचं नाही. तारीख, वेळ, जागा लिहायची. जमिनीवर होता की झाडावर, शेपूट केवढी, अंग खरखरीत की चकचकीत, पापणी हलली का, बोटं किती. चित्र वाकडं आलं तरी चालतं. आमच्या वहीतला पहिला सरडा बेडकासारखा दिसतो आणि त्याखाली चित्रकारानं अभिमानानं सही केली आहे. आईबाबांनी एवढंच करायचं, मुलगा किंवा मुलगी "हे काय आहे?" म्हणून हाक मारेल तेव्हा झाडू न आणता यायचं.

ज्या मुलानं सापसुरळी मारून आणली होती, तो आता पाचवीत गेला. पण मधल्या सुट्टीत अजून वही मागायला येतो. परवा त्यानं लिहिलेली नोंद अशी आहे:

'पाण्याच्या टाकीमागं, दगडावर. सकाळी ८ वाजता. माझ्या करंगळीएवढी. पाल आहे. डोळ्यातली बाहुली गोल आहे. आम्ही तिघांनी बघितली. नाव बाईंना इचारायचं.'

बाईंनी अजून काही सांगितलेलं नाही. सोमवारी आम्ही चौघं टाकीमागं जाणार आहोत.